पुढचा पत्रा

ऊसपट्ट्यात वेल्डर शोधत फिरावं लागत नाही. माळशिरस तालुक्यातल्या श्रीपुरात तर मुळीच नाही. बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी १९३४ साली निघाली आणि तिचा कारखाना इथे उभा राहिला. जवळच्या माळीनगरची सासवड माळी शुगर फॅक्टरीही त्याच दशकातली. आज श्रीपुरात श्री पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग सुरू होतं. बॉयलरच्या नळ्या बदलायच्या, रसाच्या पाइपलाइनी जोडायच्या, केन कॅरिअर खोलून परत बांधायचा. हंगाम चालू असतानाही काम थांबत नाही. मिलचा रोलर फिरत असतो आणि वेल्डर त्याच्या दात्यांवर वेल्डिंगचे खडबडीत ठिपके सोडत असतो, म्हणजे ऊस घसरत नाही, रोलर त्याला ओढून घेतो. दसऱ्याच्या आधी गावोगावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांसमोर ट्रॉल्यांची रांग लागते ती वेगळीच.

एवढा सराव असलेला हात जुन्या फियाटच्या मडगार्डावर टेकला की मात्र पत्र्याला भोक पडतं. यात वेल्डरची काही चूक नसते. ट्रॉलीच्या चॅनलची जाडी पाच-सहा मिलिमीटर असते आणि गाडीचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर. जाड लोखंड उष्णता पिऊन टाकतं, पातळ पत्र्याला ती कुठे ठेवावी हेच कळत नाही. आधी तो फुगतो, मग वितळतो आणि गार होताना आक्रसून वाकडा होतो. म्हणून जुन्या मोटारीचा वेल्ड केलेला पुढचा भाग बदलणं हे वेल्डिंगच्याच कामाचं एक वेगळं घराणं मानायला हवं. यात वेल्डिंगला लागणारा वेळ सगळ्यात कमी असतो. खरा वेळ जातो मोजण्यात, उघडण्यात आणि जुळवण्यात. या प्रकरणात त्या तीन गोष्टींवर जास्त बोलायचं आहे.

उदाहरणाला फियाट घ्यायचं कारण सोलापूर जिल्ह्याला सांगायला नको. वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापुरातला. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला. सुरुवात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवण्यापासून झाली. १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाली आणि त्यातून भारतात रुजली ती फियाट ११००. पुढे १९६४ पासून तिचं '११०० डी' हे रूप इथे बनू लागलं आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवर गिअरचा दांडा, पुढे अखंड बाक. कारखान्याचे अधिकारी, डॉक्टर, वकील, बागायतदार, अनेकांच्या दारात ती उभी असायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला. गावाकडच्या शेडमध्ये, गोठ्याशेजारी, ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या पद्मिन्यांना तो निरोप लागू नव्हता. आता नातवंडांच्या पिढीला त्या पुन्हा रस्त्यावर आणाव्याशा वाटतात, आणि काम अडतं ते नेमकं तोंडाशी.

याचं कारण गाडीच्या बांधणीत आहे. जुन्या मोटारींच्या दोन जाती मानता येतील. पहिल्या जातीत खाली जाड चासी असते, शिडीसारखी. इंजिन, चाकं, सगळं तिच्यावर बसतं आणि बॉडी वरून बोल्टाने आवळलेली असते. जीप अशी. मद्रासला १९६१ ते १९७१ या काळात बनलेली स्टँडर्ड हेराल्डही अशीच. हेराल्डची बॉडी तर तुकड्यातुकड्यांनी बोल्टावर जोडलेली आणि पुढचं अख्खं नाक बोनेटसकट उचलून पुढे झुकणारं. अशा गाडीचं मडगार्ड गंजलं तर पाने काढायचे, बोल्ट सोडवायचे, दुसरं चढवायचं. दुसऱ्या जातीत वेगळी चासी नसतेच. पातळ पत्र्याच्या पेट्या, कमानी आणि घड्या एकमेकांना जोडून एकच कवच केलेलं असतं आणि सगळा भार तेच वाहतं. १९२२ ची लान्सिया लाम्बडा आणि १९३४ ची सित्रोएन ट्रॅक्सिऑन आव्हाँ या गाड्यांनी ही वाट रूढ केली. १९५३ साली आलेली फियाट ११००-१०३ याच वाटेवरची, आणि आपली पद्मिनी तिचीच लेक.

या दुसऱ्या जातीत पुढच्या भागाला नुसतं झाकण समजणं घातक आहे. डाव्या-उजव्या बाजूला लांबट पेटीसारखे दोन पत्रे इंजिनच्या दोहों अंगांनी पुढे जातात. त्यांच्यावर आतली मडगार्डं म्हणजे चाकांच्या कमानी उभ्या असतात. समोर रेडिएटर धरणारी आडवी चौकट आणि तिच्यापुढे गॅरेजवाले ज्याला 'शो' म्हणतात तो जाळीचा पत्रा. मागे हे सगळं केबिनच्या भिंतीला, म्हणजे फायरवॉलला, जोडलेलं. बाहेरचं मडगार्ड एखाद्या गाडीत बोल्टावर असेल, एखाद्या गाडीत वेल्डवर. ब्रिटिश मिनी, फोक्सवॅगनची कारमान घिया, व्होल्वो पी १८०० या गाड्यांची पुढची मडगार्डं वेल्ड केलेलीच असतात, त्यामुळे तिथे साधा पोचाही मोठं काम होऊन बसतो. पण आतल्या चौकटीला मात्र सगळीकडेच वेल्डिंग असतं. तिच्यावर पुढचं सस्पेन्शन टेकलेलं असल्यामुळे ती चौकट पाच मिलिमीटरने जरी सरकली तरी गाडी सरळ रस्त्यावर एका अंगाला ओढत राहते आणि टायर एका कडेने झिजतो. ते मग कोणत्याही अलाइनमेंटने पुरतं सुटत नाही.

सोलापूरची हवा कोरडी. कोकणातल्या गाडीसारखी इथली गाडी सगळीकडून सडत नाही, ती निवडक ठिकाणी सडते. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर भिजलेल्या शिवारातल्या काळ्या मातीचा चिखल चाकाने उडवलेला असतो आणि तो आतल्या मडगार्डाच्या वरच्या कोपऱ्यात, हेडलाइटच्या वाटीमागे, दरवाज्याच्या बिजागरीपुढच्या पोकळीत दडून बसतो. काळी माती ओल धरून ठेवते. बाहेर ऊन तापत असतानाही त्या कोपऱ्यातला पत्रा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. म्हणून पाहणी करताना चकचकीत भागावर वेळ घालवू नये. मडगार्डाच्या आतून हात घालून मातीचे गठ्ठे काढावेत आणि बोथट टोच्याने टोचून पाहावं. चांगला पत्रा टणटणीत आवाज देतो, सडलेला दबतो. बाहेरून चुंबक फिरवावा. तो चिकटत नसेल तिथे रंगाखाली लांबीचा जाड थर आहे, म्हणजे आधी कुणीतरी पोचा भरून काढलेला आहे.

इथे आधीच्या दुरुस्त्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांना ती लागू पडते. सीओटू वेल्डिंग गावागावात पोचण्याआधी डेंटर गॅसवर काम करायचे आणि पातळ पत्र्याला पितळेचा टाका मारायचे. त्या काळच्या साधनांत ते शहाणपणाचं होतं. पितळ कमी तापमानाला वितळतं, पत्रा जळत नाही. पण अशा टाक्यावर आज थेट वेल्डिंग करायला गेलं की पितळ उकळून वेल्डमध्ये मिसळतं, जोड भुसभुशीत होतो आणि तडकतो. पितळ दिसलं की तेवढी पट्टी कापून चांगल्या लोखंडापर्यंत जायचं, दुसरा उपाय नाही. परदेशी गाड्यांत सांध्यांवर शिसं-कथिलाचा थरही असतो, तो ग्राइंडरने उडवायचा नाही. शिशाची धूळ शरीरात साठते. तो थर हलक्या आचेवर मऊ करून लाकडी पट्टीने ओढून काढावा.

आता मोजणं. गाडी सपाट कोब्यावर घ्यायची, चारी बाजूंनी पक्क्या घोड्यांवर समपातळीत टेकवायची आणि कापण्याआधी जे जे मोजता येईल ते मोजून भिंतीवर लिहून ठेवायचं. फायरवॉलच्या डाव्या कोपऱ्यापासून रेडिएटर चौकटीच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, मग उजव्यापासून डाव्यापर्यंत. हे दोन कर्ण सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. सस्पेन्शनच्या बोल्टांची एकमेकांपासूनची अंतरं, हेडलाइटच्या मध्यांची जमिनीपासूनची उंची, बोनेटच्या दोन्ही कडांची फट, दरवाजा आणि मडगार्ड यांच्यातली वर, मध्ये आणि खाली असलेली फट, हे सगळं त्यात आलं. गाडीला कधीकाळी समोरून धडक बसली असेल तर एक बाजू मुळातच चुकीची असणार, तेव्हा दुसरी बाजू आरशासारखी उलटी करून माप काढावं. मोबाइलने भरपूर फोटो घ्यावेत, प्रत्येक फोटोत टेप दिसला पाहिजे. दरवाजे मात्र काढू नयेत. डेंटरची सवय असते की काम सुरू करायचं म्हणजे आधी सगळं खोलून ढीग लावायचा. या कामात दरवाजा आणि बोनेट हीच सर्वांत भरवशाची मापपट्टी आहे, कारण नवा पत्रा बरोबर बसला की नाही ते शेवटी तीच सांगणार.

कापण्याआधी आधार द्यायचा. फायरवॉलपासून पुढच्या चौकटीपर्यंत आणि एका चाकाच्या कमानीपासून दुसऱ्या कमानीपर्यंत चौकोनी पाइपचे तुकडे तात्पुरते वेल्ड करून घ्यायचे. इथे श्रीपूरचा ट्रॉली बनवणारा वेल्डर कामाला येतो, हा त्याच्या हातचा मळ आहे. एका वेळी एकच बाजू उघडायची. दोन्ही बाजू एकदम कापून टाकल्या की पुढची चौकट हवेत लोंबकळते आणि मग ती मुळात कुठे होती हे फक्त आठवणीवर उरतं. बॅटरी काढून ठेवायची, पेट्रोलची नळी रिकामी करून तोंड बंद करायचं आणि फायरवॉलच्या आतल्या बाजूचा आवाज रोखणारा थर खरवडून काढायचा, कारण बाहेर वेल्डिंग चालू असताना आत तोच पेट घेतो. केबिनच्या बाजूला पाण्याची बादली घेऊन एक माणूस बसलाच पाहिजे.

मग येतं उघडणं. कारखान्यात हे पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. तांब्याच्या दोन टोकांत दोन पत्रे दाबून धरायचे आणि क्षणभर हजारो अँपिअर वीज सोडायची. दोन पत्र्यांच्या मध्ये पाच-सहा मिलिमीटर व्यासाचा एक ठिपका वितळून एक होतो. एका मडगार्डाच्या कडेला असे कितीतरी ठिपके असतात. ते दिसत नाहीत, शोधावे लागतात. आधी वायर ब्रशने रंग काढायचा, मग टॉर्चचा उजेड तिरका टाकायचा. कडेवर किंचित खोलगट गोल सावल्या उमटतात, तेच ठिपके. प्रत्येकाच्या बरोबर मध्यावर पंच मारायचा आणि आठ मिलिमीटरचा स्पॉट कटर किंवा बोथट कोनाला घासलेलं ड्रिल बिट हळू फेऱ्यांवर, थेंबभर तेल सोडत, चालवायचं. वरचा पत्रा कापत आला की भोकाच्या तळाशी केसाएवढी बारीक गोल रेघ दिसू लागते. ती दोन पत्र्यांमधली फट. तिथेच थांबायचं. अर्धा मिलिमीटर आणखी खाली गेलात तर खालचा पत्राही गेला, आणि खालचा पत्रा तर गाडीवरच राहायचा आहे. मग पातळ छिन्नी दोन पत्र्यांत सरकवून हलकी ठोक द्यायची. सगळे ठिपके नीट सुटलेले असतील तर पत्रा स्वतःहून अलग होतो. कुठे अडला तर ओढायचं नाही, एखादा ठिपका राहिलेला असतो, तो शोधायचा. ग्राइंडरची चकती लावून हेच काम झटक्यात होतं असं वाटतं. पण तेव्हा कड खाल्ली जाते आणि नवा पत्रा जिथे टेकायचा ती मूळची पट्टीच उरत नाही. त्या पट्टीत कारखान्याचं माप साठवलेलं आहे, ती जपण्यासाठी लागेल तेवढा वेळ द्यावा.

उघडल्यावर आतले जे भाग वाचवण्यासारखे असतात, हेडलाइटच्या वाट्या, बॅटरीची तबकडी, कंस, छोट्या पट्ट्या, त्यांचा गंज काढण्यासाठी श्रीपूरकडे एक घरचाच माल आहे, मळी. साखर काढून झाल्यावर उरलेला हा काळा दाट पाक जगभरचे जुन्या गाड्यांचे हौशी लोक गंज काढायला वापरतात. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी प्लॅस्टिकच्या पिंपात कालवायचं आणि लोखंडी भाग त्यात पूर्ण बुडवून ठेवायचा. मळीतली द्रव्यं गंजातल्या लोहाला धरून विरघळवतात आणि खालच्या चांगल्या पोलादाला फारसा धक्का लावत नाहीत. आम्लाने पोलाद खाल्लं जातं, सँड ब्लास्टिंगने पातळ पत्रा तापून वाकतो, हे दोन्ही धोके इथे टळतात. वेळ मात्र लागतो, पंधरवडा तरी धरावा, थंडीत अधिक. सोलापूरचा एप्रिल-मे या कामाला फार चांगला. वरती फेस येतो, आंबूस वास सुटतो, पिंप घरापासून लांब ठेवावं.

हेडलाइटची वाटी अशा पिंपातून बाहेर काढली की आधी निराशा होते. ती काळीशार, बुळबुळीत दिसते. पाण्याचा जोरदार फवारा मारला की तो काळा थर सायीसारखा निघून जातो आणि खाली मंद राखाडी पोलाद उघडं पडतं, अगदी पहिल्या दिवशी प्रेसमधून निघालं असेल तसं. आता वाटी उन्हाकडे धरायची. जिथे जिथे सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसतो तिथे पत्रा संपलेला आहे. खरी स्थिती एवढ्या स्पष्टपणे दुसरी कुठलीच तपासणी दाखवत नाही. धुतल्याबरोबर कोरडं करून लगेच प्रायमर मारायचा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस झाक येते. दोन सावधगिरीच्या गोष्टी. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे ओतीव भाग, कार्बोरेटर, दरवाज्याच्या मुठी, यात कधीही टाकू नयेत, मळी त्यांना खाते. आणि मळीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण असतं, कारण तिच्यापासून दारू बनते. ती रीतसर मार्गानेच मिळवावी. वापरलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीच्या आसपास सोडू नये, ते पाण्यातला प्राणवायू संपवतं.

नवा पत्रा कुठून आणायचा? विकत मिळाला तर उत्तम. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउसचा स्पेअर पार्टांचा बाजार, पुण्यात नाना पेठ, इथे जुन्या फियाटचे भाग अजून निघतात, कधी कोठारातले कोरे, कधी मोडीत गेलेल्या टॅक्सीचे कापून काढलेले. टॅक्सीचा भाग घेताना तोही मोजून घ्यावा. आयुष्यभर मुंबईच्या पावसात भिजलेल्या गाडीचं मडगार्ड सोलापूरच्या गाडीला लावणं म्हणजे गंज विकत आणणं. माझं मत असं, की मूळचा पत्रा सत्तर टक्के शाबूत असेल तर अख्खं मडगार्ड बदलू नये, सडलेली पट्टीच तेवढी बदलावी. मूळ पत्र्याचा गोलवा बाजारातल्या भागाला क्वचितच असतो. पट्टी हाताने बनवता येते. जाड पुठ्ठ्याचा फर्मा कापायचा, तेवढ्याच जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्यायचा, वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने त्याला पोट द्यायचं आणि मग खाली डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, धरून हातोडीने सपाट करत आणायचं. चांगला डेंटर पत्र्यावर तळहात फिरवून उंचसखल ओळखतो, डोळ्याला न दिसणारं त्याच्या हाताला कळतं. अशी माणसं अकलूज, पंढरपूर, सोलापूर या भागात अजून आहेत. मात्र इन्शुरन्सच्या कामात नवा भाग लावून मोकळं होण्याची सवय वाढल्यापासून त्यांच्याकडे शिकायला मुलं येत नाहीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जुळवणी हे या कामाचं काळीज आहे. नवा पत्रा वाइस ग्रिपने आणि दोन-चार छोट्या स्क्रूंनी नुसता धरून ठेवायचा. बोनेट लावायचं, मिटायचं. दरवाजा उघडायचा, मिटायचा. हेडलाइट, शो, बंपर, सगळं लावून पाहायचं. फट वर चार आणि खाली सात मिलिमीटर येत असेल तर पत्रा उतरवून कड घासायची, पुन्हा लावायचा. कर्ण पुन्हा मोजायचे. मालकाला या टप्प्यावर धीर राहत नाही, गाडी तर पूर्ण दिसत असते आणि कारागीर मात्र टाका मारत नसतो. कारागिराला घाईने टाका मारू देऊ नये, उलट आणखी एकदा मोजायला सांगावं. वेल्डिंगनंतर फट दुरुस्त करायला लांबीशिवाय काही हाती राहत नाही, आणि लांबीने बनवलेली कड पहिल्याच खड्ड्यात तडकते.

वेल्डिंग आता थोडक्यात सांगता येईल. कारखान्याच्या स्पॉटच्या जागी प्लग वेल्ड करायचं. नव्या पत्र्याच्या कडेला सहा ते आठ मिलिमीटरची भोकं पाडायची, खालच्या पट्टीवर जस्तयुक्त वेल्डेबल प्रायमर मारायचा, दोन पत्रे घट्ट दाबायचे आणि भोकाच्या मधोमध सुरू करून वर्तुळाने भरत यायचं. भोकातला प्रायमर तेवढा पुसून घ्यावा, जस्ताचा धूर छातीत जाऊ देऊ नये. यंत्र सीओटूचं, तार ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची, गॅस शक्यतो आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. जिथे पट्टी मधोमध जोडायची आहे तिथे एक पत्रा दुसऱ्यावर चढवू नये, चढवलेल्या जोडात पाणी साचतं. दोन कडा समोरासमोर आणून मध्ये बारीक फट ठेवावी आणि टाके मारत जावं.

टाक्यांचा क्रम हा सगळा खेळ आहे. पोलाद शंभर अंशांनी तापलं तर मीटरमागे सुमारे सव्वा मिलिमीटर वाढतं, आणि वेल्डिंगच्या जागी तापमान दीड हजार अंशांच्या आसपास जातं. एका टोकापासून सरळ रेघ ओढत गेलं तर पत्रा पुढे पुढे ताणला जाऊन मध्येच फुगा धरतो. म्हणून एक टाका डाव्या टोकाला, दुसरा उजव्या, तिसरा मध्ये, आणि हात टेकवता येईल इतका गार झाल्याशिवाय शेजारी दुसरा नाही. प्रत्येक टाका गार होताना आक्रसतो, त्याला डॉलीवर हलके ठोकून पुन्हा ताणावं लागतं. ओलं पोतं टाकून घाईने गार करणारे कारागीर आहेत. त्याने पत्रा आणखी ओढला जातो, आपल्या गाडीवर ते करू देऊ नये. मिलच्या रोलरवर वर्षानुवर्षं काम केलेल्या वेल्डरला हे सांगितलं तर तो लगेच समजतो, त्याला उष्णतेची जाण असतेच. फक्त टाक्यांचे सुरुवातीचे एक-दोन तास त्याला रद्दी पत्र्यावर घालवू द्यावेत.

जोड घासून सपाट केल्यावर सगळ्या सांध्यांवर सीलर, चाकाच्या कमानीत जाड रबरी लेप, वर प्रायमर आणि रंग, हे क्रमाने येतं. रंगावर लोक भरपूर खर्च करतात, पेट्यांच्या पोकळीवर मात्र करत नाहीत. बंद पोकळीत आतून मेणयुक्त तेल फवारलं नाही तर वेल्डिंगने जळलेली आतली बाजू उघडी राहते आणि दोन पावसाळ्यांत बाहेर फोड येतात. पाणी निचरायची कारखान्याची भोकं लांबी-रंगाने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करावीत. त्यानंतर अलाइनमेंट, आणि महिनाभर गाडी चालवून पुन्हा एकदा अलाइनमेंट.

राहता राहिली कागदपत्रं. चासी नंबर ज्या पत्र्यावर कोरलेला आहे त्याला कटर लावू नये. तो पत्रा सडलेला असेल तर काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात, श्रीपूरकरांसाठी अकलूजला, जाऊन लेखी विचारावं. गाडीची मांडणी नोंदणीतल्या वर्णनापेक्षा बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आणि जुलै २०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांनी आता आणखी एक कारण दिलं आहे. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुढच्या नूतनीकरणाला ५ हजार, मुदत दहा वर्षं आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांनाच ती रस्त्यावर येऊ शकते. पण अट अशी आहे की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये या उंबरठ्यावर पोचली. सडलेल्या मडगार्डाच्या जागी त्याच मापाचं, त्याच आकाराचं मडगार्ड बसवलं ही दुरुस्ती आहे, फेरबदल नाही, हे तपासणाऱ्या अधिकाऱ्याला पटवून द्यायची वेळ येऊ शकते. तेव्हा टेप दिसणारे ते फोटो, भिंतीवरून वहीत उतरवून घेतलेली मापं, पत्र्याची बिलं आणि कापून काढलेल्या जुन्या तुकड्यांवरचे मूळ स्पॉट वेल्डचे ठिपके उपयोगाला येतात. जुने तुकडे नोंदणी हातात पडेपर्यंत भंगारवाल्याला देऊ नयेत.